गिरवलेलं नाव

आमच्या धाकट्याला एका जागी बसलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. जेवतानाही त्याचा एक पाय टेबलाखाली हलत असतो आणि सगळ्यांच्या पेल्यातलं पाणी डुचमळतं. याच्या पायाला भिंगरी लावूनच पाठवलंय, असं आई म्हणते. शाळेत त्याचं नाव चुळबुळ पडलं, ते केस पिकायला लागले तरी सुटलेलं नाही. पोटासाठी तो रस्त्यावर पट्टे मारतो. रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ असते ना, ती. अशा माणसाला सरळ रेघ ओढायचं काम कोणी दिलं हे मला कोडंच आहे. पण रेघ सरळ ओढतो, एवढं मान्य करायला हवं.

रविवारी सकाळी मात्र तो मास्तर होतो. गालिच्यांचा एक बंद पडलेला कारखाना आहे, त्याच्यामागे लांबच लांब भिंत आहे. मालकाने ती रंगवायला मोकळी सोडलीय. तिथे ग्राफिटी शिकायला हौशी मंडळी जमतात: एक न्हावी, एक बसचालक, दोन कॉलेजातल्या मैत्रिणी, असं कोणीकोणी. बंधुराज सकाळी काही न खाता पळतात, म्हणून मी मागून पोळीभाजीचा डबा घेऊन जाते आणि कडेला उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून ऐकते. त्यामुळे त्याचा उपदेश मला तोंडपाठ झालाय.

पहिल्या दिवशी तो रंगाचा कॅन कोणाच्या हातातच देत नाही. आधी एक नाव निवडा म्हणतो, छोटंसं, आणि ते साध्या अक्षरांत कागदावर लिहीत बसा, स्वतःलाच कंटाळा येईपर्यंत. शिकाऊ माणसाला लगेच अक्षराला बाण, शिंगं आणि शेपट्या लावायच्या असतात. साधं अक्षर उभं राहत नसेल तर शिंगं लावून काय होणार, बैल? असं तो विचारतो आणि न्हावी दर वेळी हसतो. मग तोंडाला मास्क. मास्क नसेल त्याला तो सरळ घरी पाठवतो, तिथे गंमत नाही. मग कॅन भरपूर हलवायचा, वाऱ्याकडे पाठ करायची, आणि हात मनगटातून नाही, खांद्यातून फिरवायचा. बटण दाबण्याआधीच हात चालू झालेला हवा. थांबलेल्या हाताने दाबलं की रंग साचतो आणि ओघळ येतो. हात भरधाव गेला की रेघ शेवटी आपोआप विरळ होत जाते, आणि तीच त्या माणसाची ओळख असते. दुसऱ्याचं काम झाकायचं असेल तर आपलं त्याहून चांगलं येणार आहे का, हे आधी स्वतःला विचारा. आणि दुसऱ्याचं अक्षर गिरवायचं असेल तर खुशाल गिरवा, पण कागदावर. भिंतीवर गिरवायचं नाही. गिरवणारा हात घाबरलेला असतो, असं तो म्हणतो.

हे सगळं त्याचं स्वतःचं नाही. हे दादाचं आहे. दादा म्हणजे आमचा थोरला भाऊ. तो याच भिंतीवर ‘भोवरा’ हे नाव लिहायचा आणि धाकटा त्याच्यामागे कॅन घेऊन पळायचा. दादा नुसत्या तापाचं निमित्त होऊन गेला, ऐन उमेदीत. भिंतीवरची बाकीची नावं पुढे कितीदा झाकली गेली, पण डाव्या कोपऱ्यातल्या त्या निळ्या ‘भोवरा’ला कोणी हात लावला नाही. गेलेल्या माणसाच्या नावावर कोणी लिहीत नाही, हे या लोकांत न सांगता पाळलं जातं. आईला मी अधूनमधून तिथे घेऊन जाते. ती त्या नावावर तळहात ठेवते, क्षणभर उभी राहते, आणि चल म्हणते. माझं कपडे अल्टर करायचं दुकान त्याच रस्त्याला आहे. मी रोज बसच्या खिडकीतून तो निळा कोपरा बघते आणि मगच माझा दिवस सुरू होतो.

निळा कोपरा निळाच राहायचा, कारण धाकटा तो राखायचा. उन्हाने रंग उडाला की तो एकटा जाऊन नावावरून निळ्या रंगाचा हात फिरवायचा, आजूबाजूची भिंत करड्या रंगाने साफ करायचा, कडा नीट करायचा. हे आम्हाला ठाऊक होतं आणि आम्हाला त्याचं कौतुकच होतं. घरी दादाचा त्या भिंतीपुढचा एकच फोटो आहे. त्यात पठ्ठ्या स्वतःच नावाच्या पुढे उभा राहून दात काढतोय, त्यामुळे नाव दिसतच नाही.

त्या वर्गात एक मुलगी यायला लागली. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती, म्हणून तिचं नाव कवळी पडलं, आणि तिला ते आवडलंही. दिवसभर शेजारच्या दातासारखा दात करायचा असतो, म्हणाली, अस्सल कुठला आणि केलेला कुठला हे बघून बघून डोळे तयार झालेत. एका रविवारी मास्तरांनी परीक्षा घेतली. भिंतीवर बघा आणि सांगा, कोणकोणत्या नावांमागे एकच हात आहे. बसचालकाने सगळी लाल नावं एका माणसाच्या नावावर टाकली आणि बोलणी खाल्ली. कवळी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालली. मग उजवीकडे मास्तरांनी शिकवताना काढलेल्या नमुन्याच्या अक्षरांकडे बोट केलं, आणि डावीकडच्या ‘भोवरा’कडे. हे दोन्ही एकच, म्हणाली.

धाकट्याने शांतपणे सांगितलं की ते नाव त्याच्या भावाचं आहे आणि भाऊ आता नाही. कवळीचा चेहरा पडला. पण तिला पटलं नव्हतं, आणि पोरगी खोटं बोलणारी नव्हती.

“नाव भावाचं असेल, मास्तर,” ती म्हणाली. “पण हात तुमचा आहे. ही रेघ कुठेच विरळ होत नाही. हे जपून जपून काढलंय.”

मी डब्याचं झाकण उगाचच उघडलं आणि लावलं. धाकट्याने कॅन गोळा केले, आज एवढंच, म्हणाला, आणि डबा न घेता निघून गेला. मला त्या मुलीचा इतका राग आला की मी तिच्याशी महिनोन्‌महिने बोलणार नव्हते. बसस्टॉपवर ती शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा मी तोंड फिरवलं. आणि बस भिंतीवरून गेली तेव्हा त्या कोपऱ्याकडे बघायचं मी पहिल्यांदाच टाळलं.

पुढच्या आठवड्यात त्याने आम्हाला वेड लावायचं तेवढं बाकी ठेवलं. एका चौकात त्याने रस्ता ओलांडायचे पट्टे तिरके मारले आणि मुकादमाने ते पुसून पुन्हा मारायला लावले. संध्याकाळी तो माझ्या दुकानात यायचा, रिळं इकडची तिकडे करायचा, टाचण्यांची डबी उपडी करायचा, आणि निघून जायचा. पाच मिनिटांत परत. माझ्या हाताखालची शिलाई दोनदा वाकडी गेली. शेवटी माझा पारा चढला आणि मी त्याला खुर्चीत दाबून बसवलं. बसला, पण गुडघा हलतच होता.

“ताई, खरं सांग,” तो म्हणाला. “दादाचं त्यात काही उरलंय का?”

मी म्हणणार होते, अरे वेड्या, सगळं त्याचंच आहे. पण मला सांगताच येईना. इतकी वर्षं मी रोज ते नाव बघत होते, पण ते आहे एवढंच बघत होते. दादाचा ‘भो’ कसा वळायचा, मला आठवत नव्हतं. त्यालाही आठवत नव्हतं. दर वेळी तो मागच्या वेळच्या स्वतःच्याच रेघेवरून हात फिरवत होता. ज्याने आयुष्यभर लोकांना बजावलं की भिंतीवर गिरवू नका, तो स्वतः भावाला गिरवत बसला होता. भावाचं नाव राखता राखता भावाचं अक्षर त्याने आपल्याच हाताने बुजवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानाला कुलूप लावून निघाले, कारण तो सकाळीच खरवडायची पत्री घेऊन गेल्याचं आईने फोनवर सांगितलं होतं. जीव मुठीत धरून धावले. तो ‘भो’च्या पोटाशी पत्री लावून उभा होता. वरचे थर काढतो, म्हणाला, खालचा दादाचा थर सापडेल. तिथे रंग बिस्किटाएवढा जाड झाला होता. एक टवका निघाला तर सगळंच खाली आलं असतं, आणि मग दादाचंही नाही आणि याचंही नाही, अशी कोरी वीट उरली असती. आईने पुढच्या वेळी हात कशावर ठेवला असता?

मी त्याचं मनगट धरलं. मला ग्राफिटीतलं ओ की ठो कळत नाही, पण जुने कपडे कळतात. विटलेल्या झग्याचा मूळ रंग बघायचा असेल तर आम्ही मधला कपडा फाडत नाही, खालची दुमड उसवतो. मी त्याला विचारलं, तू गिरवलं नाहीस अशी जागा कुठली? तो चिडून म्हणाला, सगळं गिरवलंय. मग एकदम थांबला. ‘रा’चा काना तो दर वेळी जरा आखूड करत आला होता, कारण खाली विरळ झालेली रेघ त्याला घाणेरडी दिसायची. तिच्यावरून त्याने कधीतरी करडा रंग मारून टाकला होता.

मी पर्समधून शिवण उसवायचं हत्यार काढलं. तो खाली बसला आणि कान्याच्या खालचा करडा रंग त्या टोकाने हळूहळू उचलायला लागला. पापुद्रे निघाले. आधी काहीच नाही. मग जुना, फिका निळा रंग. रेघ खाली खाली जात होती, त्याला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पुढे, अरुंद होत, मग नुसते ठिपके, आणि शेवटी एक ओघळ. दादाला ओघळ पुसायला कधी वेळ असायचा?

“मी एवढा लांब हात कधी नेलाच नाही,” तो म्हणाला, आणि तसाच बसून राहिला. पाय हलत नव्हता. बोटं हलत नव्हती. मला भीतीच वाटली, मी त्याच्या खांद्याला हात लावून बघितलं. मग तो रडायला लागला आणि माझ्या जिवात जीव आला.

आईला सांगायचं की नाही यावर आमचं घरी कुजबुजत भांडण झालं. मी म्हणत होते, कशाला? तिचं समाधान आहे ते राहू दे. त्याने ऐकलं नाही. रविवारी तो तिला स्वतः घेऊन आला आणि सगळ्या वर्गासमोर, कवळीच्या देखत, सांगून टाकलं की इतकी वर्षं तू ज्याच्यावर हात ठेवत होतीस ते माझं अक्षर होतं. दादाचं फक्त एवढंच उरलंय, असं म्हणून त्याने ती खालची उघडी केलेली रेघ दाखवली. मी आईचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

आई वाकली. डोळे बारीक करून बराच वेळ त्या ठिपक्यांकडे बघत राहिली. मग हसली.

“हा दादाच,” ती म्हणाली. “घाईत. आणि वरचं एवढं नीट अक्षर त्याचं नाही, हे मला कळायला हवं होतं.” मग ती भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायला लागली. बघता बघता तिच्या कपाळावर आठ्या आल्या.

“तुझं नाव कुठाय रे?” तिने विचारलं.

त्याचं नाव कुठेच नव्हतं. मलाही तेव्हाच कळलं. दुसऱ्यांना नाव निवडा म्हणून सांगणाऱ्या मास्तरांनी दादा गेल्यापासून त्या भिंतीवर स्वतःचं नाव एकदाही लिहिलं नव्हतं. तो काहीतरी पुटपुटला, जागा नाही, आज रंग नाही. कवळीने मुकाट्याने आपला हिरवा कॅन पुढे केला. तिच्याशी न बोलायचं ठरवलेल्या मला ती तेव्हा फार आवडली.

त्याने कॅन हलवला. बराच वेळ नुसता हलवतच राहिला, इतका की बसचालक खाकरला. मग ‘भोवरा’च्या बाजूच्या मोकळ्या जागेसमोर उभा राहून हात फिरवायला सुरुवात केली आणि फिरता फिरताच बटण दाबलं. ‘चुळबुळ’. एका दमात. अक्षरं एकमेकांवर आदळली होती, शेवटचा ‘ळ’ तिरका होऊन पळत होता, आणि त्याच्या पोटातून लगेच एक ओघळ निघाला. बघूनच दम लागावा असं नाव झालं होतं.

आई तिच्या सवयीने पुढे झाली आणि मी अडवायच्या आत तिने त्या नावावर तळहात ठेवला. दादाचं नाव नेहमी वाळलेलं असायचं, ओल्या रंगाची तिला सवयच नव्हती. हात काढला तेव्हा तो हिरवागार झाला होता, आणि ‘बु’च्या मधोमध तिची पाचही बोटं उमटली होती. अगं बाई, म्हणत ती माझ्या ओढणीला हात पुसायला लागली.

धाकट्याचा कॅन आपोआप वर गेला. बोट बटणावर होतं. डाग झाकायचा, कडा नीट करायच्या, त्याच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. त्याचा पाय जमिनीवर टकटक वाजत होता. मग त्याने कॅन खाली केला, कवळीला परत दिला आणि मला म्हणाला, ताई, डबा आणलायस ना, भूक लागलीय.