दोन जावांचा टॅक्स

विश्रामबागेत माझं मोटारपंपांचं दुकान आहे. जतकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली एक बाई तिथं अधूनमधून येते. नाव मी कधी विचारलं नाही. बिल हातात पडलं की ती दारातल्या उजेडात जाते आणि ओळीओळीवर बोट ठेवून ते वाचते.

पहिल्यांदा तर ती भांडलीच. "आवं शेठ, शंभराला नऊ लावलं ते लावलं, खाली परत नऊ?"

एक केंद्राचा टॅक्स, एक राज्याचा, मी सांगितलं. तिनं जरा विचार केला. "म्हंजी दोन जावा. एकीला लुगडं घेतलं की दुसरीलाबी तसलंच."

तेव्हापासून गावातल्या बायकांना खरेदीला तीच आणते आणि हा हिशेब माझ्याआधी तीच समजावते.

परवा शेजारची सून आणली. पोरीनं शेळ्या विकून कडबाकुट्टीच्या मोटारीचे पैसे जमवले होते. मी सवयीनं म्हणालो, "बिल नको असेल तर दोन्ही टॅक्स वाचतील."

पोरगी खुलली. बाईनं माझ्याकडं पाहिलं.

"आन् ग्यारंटीत मोटार जळली, तर बिलाबिगर वळखशिला का तिला?"

मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगतो, ओळखली नसती. आजवर अशा कितीतरी मोटारी मी ओळखल्या नाहीत.

मी बिल केलं. पोरीनं दोन्ही नऊंवर बोट ठेवलं. "ह्यातली थोरली जाऊ कंची?"

"दोघी सारख्याच," मी म्हणालो.

बाई पहिल्यांदाच हसली. "शिकलासा की, शेठ."