गुरुवारचं शटर

धंदा वाढावा म्हणून मी दुकान दर गुरुवारी बंद ठेवायला लागलो. कासारवाडीत दोन खुर्च्यांचं नवं सलून टाकलं आणि मालक झाल्यावर सुचलेली पहिली आयडिया ही.

माझ्या मते डाव पक्का होता. बाकी सलूनवाल्यांची सुट्टी सोमवारी. आपण उघडं ठेवलं की सगळं गिऱ्हाईक आपलंच. आणि गुरुवारी उपासवाले केसांना कात्री लावत नाहीत. पिंपळे गुरवला आयटीवाल्यांचे केस कापताना मी एवढं मॅनेजमेंट शिकलो होतो.

सोमवारी सगळ्यांना आमचंही दुकान बंदच वाटायचं. मी आणि इरफान आरशातून एकमेकांना बघत बसायचो. इरफान माझा कारागीर, टक्केवारीवर. खुर्ची रिकामी, की त्याचा खिसा रिकामा. माझं तर रिकाम्या खुर्चीचंही भाडं चालू.

"शेठ, चाकणला बोलावतायत. या महिन्यानंतर मी जातो."

"थांब रे, नवा बोर्ड लावतो. लायटिंग करतो."

"बोर्डाला दाढी येते का?"

तो गेला असता तर अर्धं दुकान गेलं असतं. उरलेलं अर्धं मी बुडवलं असतं.

त्या गुरुवारी माझेच केस कानांवर आले होते. सलूनवाल्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत आणि सुट्टीच्या दिवशी इरफानला बोलवायला तोंड नव्हतं. म्हणून स्टेशनपलीकडच्या सलूनमध्ये गेलो. बाहेर ही रांग! त्यात निम्मे चेहरे आमच्याच गल्लीतले.

"काय राव, तुम्ही इथं?" शेजारच्या बिल्डिंगमधला कांबळे हसायला लागला. तो भोसरीच्या एका कंपनीत मशिन ऑपरेटर.

"आज ड्यूटी नाही?"

"गुरुवार ना! वीकली ऑफ. तुमचं शटर कायम बंद, म्हणून इकडं येतो. आम्हाला वाटलं, दुकान विकायला काढलंत."

इथल्या कितीतरी कंपन्यांना सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. नेमका तोच दिवस मी कुलपात घातला होता.

इरफानला फोन लावला. "आत्ता ये."

"शेठ, आज सुट्टी आहे."

"नव्हती. चुकून दिली होती."

मग त्या सलूनवाल्याच्या डोळ्यांदेखत कांबळेला आणि आणखी चौघांना उठवून घेऊन आलो. त्याने माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेत वस्तरा होता.

आता आमची सुट्टी चारचौघांसारखी सोमवारी. गुरुवारी दोन्ही खुर्च्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. इरफान चाकणचं नाव काढत नाही. सुट्टी गिऱ्हाइकाचं कॅलेंडर बघून घ्यावी, इतकाच धडा.

परवा दाढीला बसलेल्या तात्यांना हे रंगवून सांगत होतो. तात्या इथले जुने जमीनवाले. म्हटलं, "तात्या, मार्केटचा स्टडी केला."

तात्या फेसातूनच म्हणाले, "ह्यात कसला ष्टडी? हितल्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. तू आपलं डोक्याच्या भायेरचं बघ. आतलं तुझं काम न्हाई."