कोरे ठरलेले अर्ज

मुक्ता, जरा जवळ ये बाई, आज मी तुझ्यावर रागावणार आहे. तू पाठवलेल्या प्रोग्रॅममध्ये फोटोच्या फाइलला ‘वाच’ म्हटलं की ती गुपचूप रिकामी ओळ देते. ते बघितलं आणि नाशिक रोडचं आमचं ऑफिस आठवलं, तापलेल्या प्रिंटरच्या वासासकट.

योजनेतल्या शिलाई मशीनसाठी बायकांचे अर्ज आले होते. ते वाचून यादी काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला. मी आपली पुस्तकं चाळून शिकलेली, पण इंटरफेस, म्हणजे फाइलींशी बोलायची ठरलेली रीत, झकास केला होता. वर्ड असो की पीडीएफ, सगळ्या फाइलींशी करार एकच: उघडायचं, वाचायचं, बंद व्हायचं. हाताने लिहिलेल्या अर्जांचे फोटो मात्र वाचता येईनात. साहेब म्हणाले, “रिकामं परत करा, बाई. एरर दिसायला नको.” मी केलं, आणि फोटोतले सगळे अर्ज कोरे धरले गेले.

यादी लागली, तर हरसूलची एक जण पोच घेऊन समोर उभी. “माझं नाव नाय का वो, ताई?”

साहेबच बोलले, “कोराच दिला असेल अर्ज.” खरं कारण ठाऊक असून मी शेजारी बसून पुढची यादी छापत राहिले.

तेव्हा साहेबांचा राग आला होता. आता माझाच जास्त येतो. वाचता येत नाही, तर तसं सांगायला काय जातं गं त्या फाइलचं? रविवारी लॅपटॉप घेऊन ये. ती रिकामं परत करणारी ओळ माझ्यासमोर खोड.