गवत नेमके कोण पचवते?

“गाय गवत पचवते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, त्यासाठी प्रयोगशाळा कशाला?” शेजारचे दादासाहेब माझ्या सुनेला म्हणाले. ती गुरांच्या पोटातील सूक्ष्म जीवांचा अभ्यास करते. तिच्या कामाची ही हेटाळणी मी ऐकून घेणे शक्यच नव्हते. मी त्यांना थेट तिच्या प्रयोगशाळेत नेले.

गाईच्या पोटातून काढलेल्या रसावर प्रक्रिया करून तिने त्यात थंडगार मद्यार्क अलगद सोडला. काचेच्या नळीत सावरीच्या कापसासारखे शुभ्र तंतू तरंगू लागले.

“हा त्या जीवांचा डीएनए. बाबा, नळी हलवू नका हं!”

मी हललोच नाही. रवंथ करणाऱ्या गाईच्या अर्धमिटल्या डोळ्यांआड एक उबदार, काळोखे सरोवर असावे आणि त्यात अगणित जीव कुरणेच्या कुरणे सावकाश विरघळवीत असावेत, असे मला भासत राहिले.

“तंतू सुंदर आहेत,” दादासाहेब म्हणाले, “पण पचवते गायच!”

तर ऐका, दादासाहेब. पोळ्याआधी तुमच्याच ढवळीचे रवंथ थांबले, पोटातले गवत तसेच पडून राहिले आणि सारी औषधे हरली. तेव्हा माझ्या गाईच्या पोटातून तोंडात आलेला रवंथाचा घास काढून मी तिला भरवला, आणि ढवळी पुन्हा रवंथ करू लागली.