मांडवाच्या कमानीवरचा सरू

आमच्या दर्पण कॉलनीतल्या घरापुढे, फाटकाला लागून, एक सरू आहे. इटली-ग्रीसकडचं हे झाड. उंच, निमुळतं, बारा महिने हिरवं. बाबांनी त्याचं रोप आणलं तेव्हा मी शाळेत होते. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ते जळून जाईल, असं सगळे म्हणाले. लूचे गरम वारे सुरू झाले की बाबा पश्चिमेकडून ओलं पोतं बांधायचे आणि बुंध्याशी वाळलं गवत पसरायचे. बाबा गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. आई भावाकडे पुण्याला गेली. घरात मी आणि बाबांच्या पत्रकांचे गठ्ठे उरलो.

मी वाचायला शिकले ती या पत्रकांवरच. आमच्याकडे कुणाशी मतभेद झाला की बाबा पत्रक छापून घरोघर वाटायचे.

शेजारी माझी शाळेपासूनची मैत्रीण राहायची. संध्याकाळी ती मधल्या भिंतीवर चहाचे दोन कप आणून ठेवायची. कित्येक दिवस माझं माणसांशी बोलणं तेवढंच व्हायचं.

तिच्या लग्नाचं चाललं होतं. मुलाकडची माणसं तिचं घर बघायला येणार होती, त्याआधी तिचे वडील फाटकाशी आले.

"बेटा, हा सरू काढून टाक. कब्रस्तानात लावतात हा. पाहुणे काय म्हणतील?"

"काका, झाड अशुभ नसतं."

"मला पता आहे गं. त्यांना कोण समजावणार?"

"मी समजावते."

दुसऱ्या दिवशी मी सरू अशुभ नसल्याचं पत्रक लिहिलं, माधवगंजात छापून घेतलं आणि गल्लीतल्या प्रत्येक दारात टाकलं. काकांच्याही. त्यांचं नाव कुठे नव्हतं, पण पाहुणे कुणाकडे येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि फाटकाशी झालेलं बोलणं आता सगळ्या गल्लीचं झालं होतं. लोक हसून काकांना विचारू लागले, की तुम्ही झाडाला घाबरता का.

मैत्रीण भिंतीशी आली ती रिकाम्या हातांनी.

"पप्पांशी बोलायचं होतंस ना. पर्चे काय वाटतेस, यार?"

"त्यात चुकीचं काय आहे?"

"काहीच नाही. तू कधी चुकतच नाहीस."

पाहुणे आले, जेवले, लग्न ठरलं. सरूकडे कुणी पाहिलंही नसावं. मला आमंत्रण आलं नाही. त्या पत्रकातलं एक वाक्यही मी आज बदलणार नाही. पण संध्याकाळ झाली की मी भिंतीकडे पाठ करून बसू लागले, आणि फोनवर आई विचारायची तेव्हा सगळं ठीक आहे म्हणायचे.

लग्नाच्या सकाळी टोपी बाजारातला मांडववाला फाटकाशी आला.

"मैडम, थोड़ी हरी डालियाँ मिलेंगी? गेट सूना लग रहा है।"

"किसके यहाँ?"

"यहीं, बगल में।"

मी कात्री आणली. सरूची जून, उघडी फांदी कापली तर तिथे पुन्हा पालवी येत नाही, म्हणून बाहेरचे कोवळे शेंडेच घ्यावे लागतात. हात राळेने चिकट झाले. भारा देताना मी म्हटलं, "पूछें तो बता देना कहाँ से लाए।"

"कौन पूछता है, मैडम।"

खरंच कुणी विचारलं नाही. दिवसभर काका त्या डहाळ्यांनी सजलेल्या मांडवाच्या कमानीखाली फेटा बांधून पाहुण्यांचं स्वागत करत होते. एक फांदी त्यांच्या फेट्याला लागत होती. दर वेळी ते ती हळूच बाजूला करायचे. एरवी मी एवढ्यावर दुसरं पत्रक काढलं असतं.

संध्याकाळी पाठवणी झाली. मैत्रीण कमानीखाली थांबली, हात वर करून तिने सरूचा एक शेंडा चुरगळला आणि नाकाशी नेला. मग आमच्या फाटकाकडे पाहिलं. मी हात हलवला. तेवढ्यात बायकांनी तिला घेरलं आणि गाडीत बसवलं. तिने मला पाहिलं की नाही, कळलं नाही.

गाडी वळणावरून गेली. मांडववाला शिडी लावून कमान उतरवू लागला.