बुधवारची पाहणी

रस्ता सायकलीला चालेल की नाही, हे ठरवायची माझी एक पद्धत होती. रविवारी जिथे जायचं तिथे आदल्या बुधवारी मी एकटा स्कूटरवरून जाऊन यायचो. बुधवारी माझी शाळा साडेबाराला सुटते. रस्त्याच्या मध्यावर कुठेतरी एखादी मोरी बघायची, तिच्या कठड्यावर बसायचं आणि घड्याळ लावून तासभर वाहनं मोजायची. पाचाच्या आत असतील तर रस्ता पास. पाचाच्या वर गेली की नापास, मग तिथलं पाणी कितीही निळं असो. भूगोलाचा मास्तर आहे मी. पास-नापास केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

हे सगळं एका माणसासाठी होतं.

तो कसब्यातला तांबट. माझ्यापेक्षा तीनचार वर्षांनी मोठा. आमच्या घरातला जुना बंब गळायला लागला म्हणून मी त्याच्याकडे घेऊन गेलो, तेव्हाची ओळख. त्याने बंब उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "मास्तर, ह्याला दुरुस्ती नको. ह्याला आता निवृत्ती द्या." फार मोठ्यांदा म्हणाला. मला वाटलं, रागावलाय. मग लक्षात आलं, त्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नव्हता. पस्तीस वर्षं एका बुटक्या छताच्या खोलीत बसून त्याने मठारकाम केलं होतं. म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकाशेजारी एक ठोके उमटवत जायचं. ते ठोके भांड्यावर जितके उमटले तितकेच कानातही गेले. डावा कान पार गेला होता. उजव्यात मशीन.

बोलताबोलता सायकलीचा विषय निघाला. लहानपणी तो खडकवासल्यापर्यंत सायकल हाणत जायचा. कान गेल्यावर बायकोने सायकल बंद केली. "बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "पुण्यात ऐकू येणाऱ्यांचंच काही खरं नाही, तिथं माझं काय!"

मी म्हणालो, जिथे गाड्याच नाहीत असे रस्ते मी शोधतो.

इतकी साधी सुरुवात. मला तेव्हा कुणी मित्र नव्हता, हेही सांगून टाकतो. शाळा, घर, पेपर तपासणं. मी कमी बोलतो. आमच्या घरी बोलणं हा खर्चच समजतात. त्याला कमी ऐकू यायचं. जमलं.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, पहिल्या रविवारी दारापर्यंत आल्या. "भाऊजी, एकच सांगते. मशीन काढू देऊ नका. सारखं काढून ठेवतात. वैताग येतो म्हणतात."

"नाही काढू देणार," मी म्हणालो.

त्याच दिवशी काढू दिलं. पानशेतच्या पलीकडे, पाण्याच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्यावर. माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या स्टँडवरून सायकली उतरवल्या, पाचसात मिनिटं चालवल्या, आणि तो थांबून कान दाबायला लागला. मशीनमध्ये वारा शिरत होता. "कानात कुणीतरी पत्रा फाडतंय, मास्तर," म्हणाला. मग मला विचारलं, "किती?" मी बुधवारचा हिशेब सांगितला: एक एसटी, एक दूधवाला, एक जीप. त्याने मशीन काढलं. पुढच्या खेपेला त्यासाठी डबी करून आणली. तांब्याची, झाकणाची, वर बारीक मठार. आत जुन्या शालूचा तुकडा. मशीन डबीत, डबी माझ्या शर्टाच्या खिशात, खिशाला बटण. मग तो सायकलीवर बसून ओरडायचा, "चला, रस्ता आता आपल्या बापाचा!"

हा आमचा रिवाज झाला. तो विचारणार किती, मी सांगणार, तो डबी देणार. तीन वर्षं, एक रविवार सोडून एक.

तो पुढे, मी मागे, तीसेक पावलांवर. मागून काही आलं तर आधी माझ्यापर्यंत यावं म्हणून. भोरकडची धरणं, मुळशीच्या मागची बाजू, जिथे रस्ता करवंदीच्या जाळ्यांतून सरळ पाण्यात उतरतो आणि पुढे संपतो. उन्हाळ्यात धरणं आटली की पाण्याखालच्या गावांची जोती वर यायची. त्यांवर बसून आम्ही दशम्या खायचो. एखादा पक्षी ओरडला की माझा चेहरा बघून तो ओळखायचा. "काय बोलतंय?" मी सांगायचो, भारद्वाज. "कसा बोलतो?" मग मी, शाळेत ज्याला मुलं धड्यापलीकडे बोलताना चुकूनच बघतात असा मी, तोंडाचा चंबू करून घुप घुप करायचो. तो माझ्या ओठांकडे बघायचा आणि पोट धरून हसायचा. त्या हसण्याने पाण्यावरचे बगळे उडून जायचे. त्याला ते उडालेले दिसायचे, का उडाले ते कळायचं नाही.

आता तो बुधवार.

रस्ता मीच सुचवलेला. एका खिंडीपलीकडचा, दोन्ही अंगांना जंगल, मग लांबलचक उतार आणि खाली जलाशय. दोन वर्षांपूर्वी एकदा पाहिला होता, तेव्हा पास झाला होता. शाळा सुटली, घरी आलो, जेवलो. वरणभात, काकडीची कोशिंबीर. मार्चचं ऊन होतं. जरा आडवा होतो आणि निघतो, असं म्हटलं. उठलो तेव्हा पाच वाजून गेले होते. आजारी नव्हतो, कुणी आलेलं नव्हतं, स्कूटर चालू होती. झोप लागली, एवढंच. गुरुवार, शुक्रवार, शनिवार हातात होते. गेलो नाही. दोन वर्षांत काय बदलणार आहे तिथे, असं वाटलं.

शनिवारी त्याच्या दुकानावरून जाताना त्याने विचारलं, "जाऊन आलात?"

"आलो," मी म्हणालो.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण रिकामं उत्तर माझ्या पद्धतीला शोभलं नसतं. म्हणून पुढे सांगितलं, "तासात एक दूधवाला. आणि दोन कळप मेंढ्या."

"मेंढ्यांना हॉर्न नसतो!" तो ओरडला आणि हसला. मीही हसलो. त्या मेंढ्या कुठून सुचल्या, मला आजही माहीत नाही. खोट्याला जरा रंग भरावा, असं वाटलं असेल.

रविवारी उतार सुरू होण्याआधी त्याने डबी दिली. मी खिशाचं बटण लावलं.

उतार खरंच सुंदर होता. ऐनाची झाडं, खाली पाणी, त्यावर धुक्याचा पातळ थर. मी वळणावर एक पाय टेकून थांबलो, पाणी बघायला. तो पुढे गेला, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात सोडून. माझ्या आणि त्याच्या मध्ये, उजव्या बाजूला, जंगल कापून केलेला एक ताजा कच्चा रस्ता होता. त्याच्या तोंडाशी मोरी होती. बुधवारी आलो असतो तर मी ह्याच मोरीवर बसलो असतो. पाच मिनिटांत मला कळलं असतं की आत दगडाची खाण सुरू झालीय. रस्त्यावर खडी सांडलेली होती. तीही मला आधी दिसली नाही.

डंपर तिथून बाहेर आला आणि उताराला लागला.

हॉर्न मी ऐकला. फार लांबलचक हॉर्न होता. झाडांवरचे बगळे उठले.

ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसून दोन्ही हातांनी डोकं धरून तेच तेच म्हणत होता, "किती हॉर्न दिला वो. वळून सुदिक बघितलं न्हाई. ब्रेक लागंना, हॉर्न तर दिला की." खालच्या वस्तीवरची दोनचार माणसं आली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने आपलं उपरणं माझ्या मित्रावर, तोंड झाकेल असं, घातलं. मग पोलीस आले. त्यांनी विचारलं, "ऐकायला कमी येत होतं का यांना?"

"हो. मशीन असतं."

"मग कुठंय? कानात नाही. खिशात नाही."

डबी माझ्या छातीवर होती. 

"माहीत नाही," मी म्हणालो. "घातलं नसेल."

पंचनाम्यात तसं लिहिलं गेलं. वहिनींना तसंच सांगितलं गेलं. माझ्यासमोरच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. आता विचार करतो, ती मान कशाची होती? हो म्हणणारी की दुःखाची? दोन्ही म्हणून चालून गेली.

त्यानंतर सहा वर्षं गेली. सायकल मी विकली नाही. विकली तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं. ती जिन्याखाली उभी आहे, चाकं बसलेली. डबी माझ्या कपाटात, जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांमागे. बायकोलाही माहीत नाही. तांबं काळं पडत गेलं. वहिनी दर वर्षी पितृपक्षात मला जेवायला बोलावतात, त्याचा मित्र म्हणून, आणि दर वर्षी मी जातो. न जाण्याला कारण द्यावं लागलं असतं.

यंदाही गेलो. पानं मांडली, त्याचं पान वेगळं. वहिनींनी त्यावर खीर वाढली आणि पानाकडे बघून म्हणाल्या, "घ्या. आता तरी मशीन घालून जेवा. तेव्हा ऐकलं नाहीत माझं, आता ऐका."

सगळे हसले. घरच्यांत असं नेहमी म्हणत असाव्यात; सवयीचं हसू होतं ते. मीही हसलो. घास तोंडात होता आणि मी हसलो.

घरी आलो आणि त्या हसण्यानंतर मला जमेना. काहीच जमेना. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो तर वळता येईना. चौथ्या दिवशी डबी काढली. लिंबू-मीठ लावून घासली. का घासली, सांगता येत नाही. काळी डबी घेऊन जायची लाज वाटली असेल. म्हणजे बघा, लाज कशाची वाटावी माणसाला.

शाळा सुटल्यावर सदाशिव पेठेतून चालत कसब्यात गेलो. बुधवार होता, तो मी निवडलेला नाही, आला तसा आला. आता दुकान वहिनी चालवतात. हाताची भांडी नाहीत, कारखान्यातून येणाऱ्या तांब्याच्या बाटल्या आणि लोटे. दुकानात कुणी नव्हतं. मी डबी गल्ल्यावर ठेवली.

त्यांनी हात लावला नाही. नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, "घासून आणलीत."

मी सगळं सांगितलं. क्रमाने, वर्गात धडा सांगावा तसं. मशीन दर वेळी काढत होतो ते, डबी कुणाच्या खिशात असायची ते, त्या बुधवारी पाहणीला गेलोच नव्हतो ते, पोलिसांना काय म्हणालो ते. त्या ऐकत होत्या. मध्येच डबी उघडून त्यांनी मशीन तळहातावर घेतलं, शालूचा तुकडा बोटाने चाचपला. "हा माझा शालू," म्हणाल्या. "मी शोधत होते, काठ कुणी कापला म्हणून."

बाहेरून एक स्कूटर हॉर्न वाजवत गेली.

"मी घर पालथं घातलं होतं, भाऊजी. माळ्यावरसुद्धा चढले. वाटलं, मुद्दाम लपवून गेले, माझ्या धाकाने. सहा वर्षं मी त्या माणसाशी भांडतेय. रोज. चहा टाकतानासुद्धा. म्हणजे माझ्यावर चिडून घरी ठेवून गेले, असं धरून."

त्यांनी तळहातावरचं मशीन उलटं करून बघितलं.

"आणि बुधवारी कुठे होतात?"

"घरी. झोपलो होतो."

"बरं नव्हतं?"

"बरं होतं."

त्यांनी मान हलवली, जसं गिऱ्हाइकाने परत आणलेली वस्तू घेताना हलवतात. मग एकदम वर बघितलं. चेहरा निराळाच झाला होता, जवळजवळ मऊ.

"शनिवारी ह्यांनी मला जेवताना सांगितलं होतं. म्हणाले, मास्तरांनी रस्त्यावर मेंढ्या मोजल्या. दोन कळप. एवढे हसले, भात सांडला ताटाबाहेर. त्यांचं शेवटचं हसणं आठवायचं म्हटलं की मला तेच आठवतं." त्या थांबल्या. "मेंढ्या होत्या ना?"

हो म्हणता आलं असतं. एक शब्द. मला माहीत होतं की त्या एका शब्दाने काय वाचणार होतं, आणि हेही माहीत होतं की तसला शब्द मी आधी एकदा बोलून बसलोय.

"नव्हत्या," मी म्हणालो.

त्यांनी मशीन डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. झाकण अजून घट्ट बसत होतं. त्याचं काम तसंच असायचं. एक बाई आत आली, तांब्याची बाटली दाखवा म्हणाली. वहिनींनी फळीवरून दोन काढून तिच्यापुढे ठेवल्या. एक लिटरची, दीड लिटरची. बाई झाकणं फिरवून बघायला लागली, आणि मी तिथेच उभा होतो.

"भाऊजी," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दारात उभे राहू नका. उजेड अडतो."

मी पायरी उतरलो.

पुढच्या पितृपक्षात बोलावणं येणार नाही. वहिनी पान मांडतील, खीर वाढतील, आणि त्या पानाकडे बघून त्यांना म्हणायला आता काही उरलेलं नसेल. तेवढंही मी नेलं.