गाडीच्या पायांवर पाणी

आमच्या मामाने जन्मात एकाही माणसाचं तोंड धड पाहिलेलं नाही, असं मी म्हटलं तर तुम्हाला ती अतिशयोक्ती वाटेल. वाटू दे. माणूस गाडीतून उतरला की मामाची नजर जायची ती खाली, टायरवर. तिथे जे दिसेल त्यावरून तो त्या माणसाची बुद्धी, चालचलणूक आणि घरातली शांतता ठरवून टाकायचा. आमचे पोस्टमास्तर बाजारात समोरून चालत आले तर हा ओळख देत नसे. पण त्यांची स्कूटर कुठे उभी दिसली की थांबून, वाकून, "मास्तर बरे असत मा?" असं स्कूटरलाच विचारून पुढे जायचा. मास्तरांना आधी याचा राग यायचा. पुढे पुढे तेही स्कूटर मुद्दाम दिसेल अशी लावू लागले.

डिचोली तालुक्यात पाळीला, खाणीच्या रस्त्यावर त्याचं गाड्या धुवायचं ठिकाण होतं आणि त्याच्या मागेच घर. मूळचे हे लोक दोडामार्गाकडचे, म्हणून बोलणं मालवणी. वर गोव्याचं कोंकणी शिंपडलेलं. माझे वडील लवकर गेले, तेव्हा आई मला घेऊन भावाकडे आली ती कायमचीच. त्यामुळे मी वाढले ती प्रेशरच्या मशीनच्या घरघरीत. खनिज वाहणारे टिप्पर दिवसभर यायचे, चाकांपासून टपापर्यंत लाल. मामा टिप्परचं बाकी अंग कामगारांकडून धुऊन घ्यायचा. टायर मात्र दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही. गाडी सपाटीवर उभी करायची, ब्रेक ओढायचा, चाकापुढे-मागे दगड लावायचे, आजूबाजूच्या माणसांना आणि आमच्या कुत्र्याला लांब पाठवायचं, गमबूट चढवायचे, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा लावायचा. एवढं सगळं झालं, की हातात नळी घेऊन एकदा डोळे मिटायचा. मामी म्हणायची, "सत्यनारायणाक बसताना सुद्धा हे इतके तयार होवक नाय."

त्याचा एकच मंत्र होता: हातभर. पाण्याचा फवारा पंख्यासारखा पसरट ठेवायचा आणि तोंड टायरपासून हातभर लांब. हवा भरायच्या वालाकडे तर फिरकायचंसुद्धा नाही. चिखल सुटत नसेल तर पाण्याने आधी भिजू द्यायचा, ब्रशने घासायचा, पण नळी जवळ न्यायची नाही. नवा ड्रायव्हर आला आणि "मारा हो जोरात, जवळसून!" म्हणाला, की मामा आत येऊन परसातलं एखादं तवशें, म्हणजे आमच्याकडची ती दांडगी काकडी, उचलून न्यायचा. ते दगडावर ठेवून आधी हातभर लांबून धुवायचा. तवशें स्वच्छ. मग नळी बोटभर अंतरावर न्यायचा. तवशाच्या चिंध्या. "बगलंस? टायराच्या गालाक असाच जाता. फरक इतकोच, तवशें रस्त्यार फुटना नाय." ड्रायव्हर शहाणे होऊन जायचे, पण त्यापायी मामीला एका श्रावणात काकडीची वाफवलेली गोड तवसोळी धड करायला मिळाली नाही. ती परसात वेल लावायची आणि मामा ड्रायव्हर सुधारायचा.

हे धंद्यापुरतं असतं तर कोण बोललं असतं! पण घरी आलेल्या पाहुण्याची गाडीसुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नसे. आपल्याकडे पाहुण्याला दारात पाय धुवायला पाणी देतात. मामाचं म्हणणं, "पावण्याच्या पायार पाणी घालतत, मगे गाडयेन काय पाप केल्यान? चलत ती इली!" एकदा मामी तापाने फणफणली म्हणून डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टर मोटारीतून उतरतात न उतरतात तोच हा आडवा. "जरा बसा. टायर तापलेले असत. तापल्या अंगार थंड पाणी घालू नये." डॉक्टर बिचारे भिडस्त. टायर निवले, धुतले, पुसले; मग त्यांना आत सोडण्यात आलं. तोवर मामीला दरदरून घाम येऊन ताप उतरला होता आणि तीच उठून डॉक्टरांसाठी चहा करत होती. मामाने याचं श्रेय कायम टायरलाच दिलं.

आणि आलेली गाडी जाताना पुन्हा एकदा धुवायची, हा दुसरा नियम. अंगणातला चिखल लागलेला असतो ना! "माझ्या दारातसून मळक्या पायांनी कोण जावचा नाय," असं तो म्हणायचा. गोवा राज्य झालं त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांत आमच्या ओसरीवर मराठी की कोंकणी यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायची. मामाला कुणी मत विचारलं, की तो म्हणायचा, "टायराक भाषा नाय." मग दोन्ही पक्षांच्या गाड्या धुऊन त्यांना वाटेला लावायचा.

आता या माणसाच्या घरात मी लग्नाची. काय सांगू तुम्हाला! वाळपईचं एक चांगलं स्थळ आलं. मुलगा मास्तर, घरची बागायत. मामाने टायर धुतले आणि आत येऊन आईला म्हणाला, "पुढले टायर भायल्या अंगान झिजले असत. ह्यो वळणार घाई करता. संसारात सगळी वळणांच." झालं, स्थळ परत. दुसऱ्याच्या गाडीला चार टायर चार जातींचे. "ह्येंच्या घरात चार माणसांची चार तोंडां." तेही परत. तिसरा बिचारा मामाची कीर्ती ऐकून कोरे करकरीत टायर घालून आला, तर म्हणे, "मुलगी बगूक नवे टायर घालणारो माणूस फशयता." मामी कपाळाला हात लावून म्हणाली, "अवो, पोरग्येक टायराक देवची असा काय?" आईने सोमवार धरले. गावातल्या बायका मला पाहून आवाज खाली आणू लागल्या.

त्यात भर म्हणजे मला एक जण आवडला होता. डिचोलीच्या सरकारी कचेरीत मी कामाला होते, तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. पेडण्यातल्या इब्रामपूरचा. अबोल, सरळ. आईवडील नव्हते, निवृत्त शिक्षक असलेल्या काकांनी वाढवलेला. वर्षभर माझ्याकडे नुसता पेन्सिली मागत होता. शेवटी एकदाचा काकांना घेऊन घरी यायला तयार झाला तेव्हा मी त्याला बजावलं, "बाकी काही आणलं नाहीस तरी चालेल. टायर तेवढे बघून आण." त्याला वाटलं मी थट्टा करते. शेजाऱ्याची जुनीपुराणी मोटार मागून आणली, समोरची काच लखलखीत पुसली आणि आले दोघे रविवारी सकाळी.

मी जनेलाचे गज धरून बघत होते. टायर निवले, दगड लागले, कुत्रा लांब गेला, चष्मा चढला. पाणी सुरू झालं. लाल चिखल ओघळून गेला आणि मामाचा हात थांबला. त्याखाली टायर तुळतुळीत गुळगुळीत, मागच्या एकाला तर तारा बाहेर आलेल्या. मामाने मशीन बंद केलं, डिकी उघडायला लावली, स्टेपनी दाबून पाहिली. तिच्यात हवाच नव्हती. तो ओसरीवर येऊन काकांसमोर उभा राहिला. "मास्तर, ह्या गाडयेन तुम्ही परत जावचा नाय."

काकांचा चेहरा उतरला. आधीच मागून आणलेली गाडी, त्यात असं बोलणं. "आम्ही मुलगी बघायला आलोत, वाहन तपासायला नाही."

"मुलगी मागसून. वाटेत उतार असा. टायर फुटलो तर खालती व्हाळाचा पाणी."

"आमची लायकी काढता का तुम्ही?"

"टायराची काढतंय."

"चल रे," काका उठले. मी पोह्यांची बशी घेऊन दारात उभी. तो माझ्याकडे बघत राहिला, पण ज्यांनी वाढवलं त्यांच्या मागून न जाऊन करतो काय? दोघे गाडीत जाऊन बसले. आई देवघराकडे वळली. मी तिथेच उभी. मला ओरडून रडावंसं वाटत होतं. आता गाडी सुटली की संपलंच.

मामाने एकदा माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे, नीट. मला आठवतं तसं आयुष्यात पहिल्यांदाच. मग गाडीपाशी जाऊन म्हणाला, "मास्तर, राग नको. पण चिखल लागलो हा. तसोच सोडूचंय नाय. जरा उतरून लांब उभे रावा, मशीन चालू करतंय." काका शिक्षक असल्यामुळे नियमाला मान देणारे. उतरले. मामाने चाकांना दगड लावले, ब्रेक तपासला, कुत्र्याला हाकललं, गमबूट, चष्मा. डोळेही मिटले. आणि मग तारा बाहेर आलेल्या त्या टायराच्या गालापाशी नळी नेली. हातभर नाही. बोटभर.

आधी फुस्स झालं, मग गाडी एका कुल्ल्यावर बसली.

मामाने मशीन बंद केलं, चष्मा काढला, हात पुसले. "चूक झाली," तो म्हणाला. "म्हातारो झालंय. हात हालता." पन्नाशीसुद्धा आली नव्हती मेल्याला! मामी आतून सगळं बघत होती. तिने पातेल्यातला तांदूळ वाढवला.

स्टेपनीत हवा नाही, रविवारी टायरची दुकानं बंद. जाणार कुठे? काका जेवायला बसले ते आधी घुश्शात, मग मामीच्या हातचं सुंगटांचं हुमण, म्हणजे कोळंबीची आमटी, पानात आलं तसे जरा सैल झाले. जेवणावर सोलकढीच्या दोन वाट्या झाल्या. मग मामाच्या आरामखुर्चीत त्यांना डोळा लागला. उठले, चहा घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मुली, तुला वाचनाची आवड आहे का?" आईने देवाला हात जोडले ते तिथल्या तिथे. काकांना आणि त्याला मामाने एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या टिप्परमधून इब्रामपूरला सोडलं, टिप्परचे टायर धुऊन अर्थातच. दुसऱ्या दिवशी त्या मोटारीला चारही नवे टायर त्याने स्वतः घातले, स्टेपनीसकट.

लग्नानंतर त्याच मोटारीतून मी निघाले. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, अंगणात लाल चिखल, चाकं बरबटलेली. सगळे वाट बघत होते की मामा आता मशीन सुरू करेल. तो गाडीला टेकून नुसता उभा. मामी म्हणाली, "अवो, धुवा ना ते टायर! बाय निघाली." मामा म्हणाला, "नको. ऱ्हवांदे. हयची माती वायच तिच्या सोबतीक जावंदे." मी रडू आवरून धरलं होतं, ते तिथे फुटलं. गाडी वळणावर गेली तेव्हा मागून मशीनची घरघर ऐकू आली. धुवायला गाडी कुठलीच नव्हती. आपलं रडणं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने ते लावलं होतं, हे मला मामीने पुढे सांगितलं.

आता खाणी बंद आहेत. टिप्पर येत नाहीत, मशीनवर गोणपाट घातलंय. मामाचा हात आता खरोखरच हलतो. मी एकदा त्याला विचारलं, "मामा, त्या दिवशी खरंच हात हलला होता?" त्याने माझ्या गाडीकडे बघत उत्तर दिलं, "मागल्या टायरात हवा कमी असा." आम्ही पोचलो, की तो तांब्या घेऊन येतो आणि चारी टायरांवर थोडं थोडं पाणी घालतो. निघताना मात्र वाकून चाकांना अंगणातली माती लागलीय ना एवढंच बघतो. गेल्या खेपेला कडक उन्हाळा होता, अंगण सुकं ठणठणीत. मी निरोप घेऊन गाडीत बसले आणि पाहिलं तर मामा थरथरत्या हाताने तांब्यातलं पाणी पुढच्या चाकांसमोरच्या मातीवर ओतत होता. माती ओली व्हायला वेळ लागला. माझ्या नवऱ्याने तेवढा वेळ गाडी सुरू केली नाही.